नवल कशाचे वाटावे? जादुई वास्तववादाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जादुई वास्तववादी कादंबऱ्यांची फार थोरवी सांगितली जाते. परंतु माणसांनी उडणे, मेलेल्यांनी बोलणे, शापाने रूप पालटणे हे सारे आपल्या पुराणांत, कहाण्यांत आणि आजीच्या गोष्टींत पूर्वापार आहे. मग या प्रकारात वेगळे ते काय? आणि फँटसीहून तो निराळा का मानायचा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चमत्कार सर्वत्र आहेत, हे आपले म्हणणे मान्य आहे. म्हणूनच एखादी कादंबरी जादुई वास्तववादी आहे की नाही, हे तिच्यातल्या चमत्कारांच्या संख्येवरून ठरवता येत नाही. त्या चमत्काराचे नवल कोणाला वाटते आणि कोणाला वाटत नाही, हे पाहावे लागते. पुराणात देव प्रकट झाला की भक्त हात जोडतो, कारण घडले ते लोकोत्तर आहे याची त्याला जाणीव असते. फँटसीत लेखक एक स्वतंत्र जग रचतो आणि त्या जगात ड्रॅगन असणे हा तिथला नियमच असतो. जादुई वास्तववादी कादंबरीचे जग मात्र आपलेच असते. तिथे निवडणुका होतात, पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कंपनी मजुरांची मजुरी अडवून धरते. अशा जगात एखादी अशक्य गोष्ट घडते, तेव्हा तिथली माणसे ती पाहतात आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतात.

कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' (मूळ स्पॅनिश, १९६७) या कादंबरीतला रेमेदिओस या सुंदर मुलीच्या स्वर्गारोहणाचा प्रसंग सर्वांत प्रसिद्ध आहे. दुपारची वेळ आहे, घरातल्या बायका बागेत चादरींच्या घड्या घालत आहेत, एक हलकी झुळूक येते आणि रेमेदिओस हातातल्या चादरीसकट वर वर जात दिसेनाशी होते. या प्रसंगाची खरी ताकद मला त्यानंतरच्या एका वाक्यात दिसते. घरची सून फर्नांदा हा चमत्कार मनातल्या मनात जळत स्वीकारते आणि आपल्या चादरी परत मिळाव्यात म्हणून पुढे कितीतरी दिवस देवाची प्रार्थना करत राहते. चादरी गेल्याची ही रुखरुख आहे म्हणून मुलगी आकाशात गेली यावर आपला विश्वास बसतो. मार्केस यांनी उमेदीची वर्षे वृत्तपत्रांत काढली होती आणि हे तंत्र बातमीदारीतले आहे असे ते सांगत. हत्ती आकाशात उडत आहेत असे म्हटले तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण चारशे पंचवीस हत्ती उडत आहेत असे म्हटले तर कदाचित ठेवतील, असे त्यांनी १९८१ च्या एका मुलाखतीत म्हटले होते. कितीही अघटित गोष्ट चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगण्याची रीत आपण आपल्या आजीकडून घेतली, असेही ते म्हणत. तेव्हा आपण केलेला आजीचा उल्लेख अगदी योग्य जागी आहे.

परंतु नवल न वाटणे ही अर्धीच बाब झाली. याच कादंबरीतल्या माकोंदो गावाला उडत्या सतरंजीचे फारसे काही वाटत नाही. नवल वाटते ते बर्फाचे, आगगाडीचे आणि सिनेमाचे. एका चित्रपटात मेलेला आणि पुरलेला नट दुसऱ्या चित्रपटात अरब होऊन जिवंत दिसतो, तेव्हा आपली फसवणूक झाली म्हणून लोक थिएटरातल्या खुर्च्या मोडतात. ज्याला आपण प्रगती म्हणतो ती बाहेरून, कोणाच्या तरी नफ्यासाठी गावात येते आणि गावाच्या नजरेतून तीच अघटित दिसते. हा नजरेचा पालट नीट ध्यानात घेतला की कादंबरीचा गाभा हाती लागतो.

त्याचा कळस केळीच्या मळ्यांच्या प्रकरणात होतो. १९२८ च्या डिसेंबरातील ५ आणि ६ तारखांच्या मधल्या रात्री कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यालगतच्या सिएनागा गावात, रेल्वे स्थानकाजवळ जमलेल्या युनायटेड फ्रूट या अमेरिकन कंपनीच्या संपकरी मजुरांवर लष्कराने गोळीबार केला. मृत किती, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. मार्केस यांचे जन्मगाव आराकाताका याच केळीच्या पट्ट्यातले आणि त्या वेळी ते दोन वर्षांचेही नव्हते. कादंबरीत हुकमावर सही करणाऱ्या जनरल कार्लोस कोर्तेस वार्गास याचे नाव त्यांनी इतिहासातून जसेच्या तसे उचलले आहे. मृतांचा आकडा मात्र तीन हजारांवर नेला आहे. गोळीबारातून वाचलेला, रेमेदिओसच्याच घरातला होसे आर्कादियो सेगुंदो शुद्धीवर येतो तेव्हा तो प्रेतांनी भरलेल्या, जवळपास दोनशे डब्यांच्या गाडीत असतो. तो उडी टाकून गावाकडे परततो, तर त्याला कॉफी देणारी बाई म्हणते की इथे कोणी मेलेच नाही. सरकार जाहीर करते की मजूर समाधानाने आपापल्या घरी गेले. मग पाऊस सुरू होतो आणि चार वर्षे, अकरा महिने, दोन दिवस पडत राहतो. ज्या गावाने स्वर्गारोहण मान्य केले ते गाव डोळ्यांदेखत झालेली कत्तल मानायला तयार नाही. फँटसीपासून आणि पुराणापासून हा प्रकार वेगळा होतो तो इथे. यातल्या चमत्काराच्या पाठीशी नाकारलेला इतिहास उभा असतो, आणि ज्या कादंबरीत तो नसतो तिला मी तरी हे नाव देणार नाही.

प्रश्न : या संज्ञेचा उगम चित्रकलेत आहे असे वाचले. मग ती लॅटिन अमेरिकेची म्हणून का ओळखली जाते? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रो याने १९२५ मध्ये अभिव्यक्तिवादानंतरच्या चित्रकारांविषयी लिहिताना ती वापरली. दोन वर्षांनी तो मजकूर स्पॅनिशमध्ये आला आणि तिकडच्या साहित्यिकांत शब्द रुळत गेला.

खरी पायाभरणी केली ती क्यूबाचा कादंबरीकार आलेहो कार्पेंतिएर याने. १९४३ मध्ये तो हैतीला गेला होता. १९४९ च्या 'द किंगडम ऑफ धिस वर्ल्ड' या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने युरोपातल्या अतिवास्तववाद्यांवर कडक टीका केली. ते लोक टेबलाशी बसून ओढूनताणून अद्भुत जुळवतात, आमच्या भूमीत ते इतिहासातच पडलेले आहे, असा त्याचा रोख होता. कादंबरीतला एक प्रसंग हे स्पष्ट करतो. उसाच्या चरकात एक हात गमावलेला गुलाम माकांदाल गोऱ्या मळेवाल्यांविरुद्ध विषप्रयोगाचे बंड उभारतो आणि पकडला जातो. १७५८ मध्ये त्याला भर चौकात जिवंत जाळतात. ही ऐतिहासिक घटना आहे. कादंबरीत जमलेले गुलाम पाहतात की दोर सुटले, माकांदाल त्यांच्या डोक्यांवरून उडाला आणि वाचला, आणि ते आनंदाने हसत मळ्यांवर परततात. शिपायांनी त्याला पुन्हा आगीत कोंबल्याचे फारच थोड्यांच्या लक्षात येते. कार्पेंतिएर ही दोन्ही दर्शने शेजारी शेजारी ठेवतो. चार दशकांनंतर हैतीत गुलामांची क्रांती यशस्वी होऊ लागली, तिच्यामागे ते उड्डाणही होते.

पुढे या लेबलाचा जाचही झाला, हे सांगायला हवे. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या प्रत्येक कथेत उडणारी माणसे असलीच पाहिजेत, अशी बाहेरच्या प्रकाशकांची अपेक्षा होऊन बसली. चिलीचे आल्बेर्तो फुगेत आणि सेर्हिओ गोमेस यांनी १९९६ मध्ये 'मॅकोंदो' नावाचा कथासंग्रह संपादित करून या अपेक्षेलाच विरोध केला. मॉल, संगणक आणि महानगरे असलेली आमची पिढी माकोंदोत राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा राग मला रास्त वाटतो. अनुकरणातून पुष्कळ गोंडस आणि पोकळ लेखन आलेही, पण त्याचा दोष मूळ ग्रंथांच्या माथी मारता येणार नाही.

प्रश्न : मार्केस यांची मोठी कादंबरी दोनदा हाती घेतली आणि एकाच नावाच्या माणसांच्या गर्दीत वाट चुकून सोडून दिली. आधी काय वाचावे? (एक वाचिका, चंद्रपूर)

उत्तर : त्यांच्याच एका कथेपासून सुरुवात करावी. 'अ व्हेरी ओल्ड मॅन विथ इनॉर्मस विंग्ज' (१९६८) ही कथा एका बैठकीत वाचून होते. तीन दिवस पाऊस झोडपतो आहे, घरात खेकडेच खेकडे झाले आहेत, तान्हे मूल तापाने फणफणले आहे आणि पेलायोला अंगणातल्या चिखलात एक म्हातारा पालथा पडलेला दिसतो. त्याला उठता येत नाही, कारण पाठीवरचे प्रचंड पंख आड येतात. शेजारीण सांगते की हा देवदूत आहे. त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडले जाते. पाद्री त्याच्याशी लॅटिन बोलून पाहतो आणि देवाची भाषा याला येत नाही म्हणून संशय घेतो. पेलायोची बायको एलिसेंदा पाच सेंटांचे तिकीट लावते आणि त्या पैशांतून दुमजली घर उभे राहते. देवदूत आत शिरू नये म्हणून त्या घराच्या खिडक्यांना लोखंडी गज बसवलेले असतात. पंखांत किडे झालेला हा देवदूत कोणालाच पटकन पूजनीय वाटत नाही आणि त्याच्याशी माणसे जशी वागतात त्यातून सगळा गाव उघडा पडतो.

दुसरे पुस्तक हुआन रुल्फो यांचे 'पेद्रो पारामो' (१९५५). ही छोटी मेक्सिकन कादंबरी आहे. मरणाऱ्या आईला दिलेल्या वचनाप्रमाणे हुआन प्रेसियादो आपल्या न पाहिलेल्या बापाच्या शोधात कोमाला गावी जातो. तिथे त्याला भेटणारी, त्याच्याशी बोलणारी, त्याला रात्रीचा आसरा देणारी माणसे मेलेली आहेत हे हळूहळू उलगडते आणि पुस्तकाच्या मध्यावर निवेदक स्वतःही कबरीतून बोलू लागतो. या सगळ्यामागे गावाची सारी जमीन गिळणारा एक जमीनदार आहे. १९६१ मध्ये मार्केस मेक्सिकोत राहायला गेले तेव्हा कवी-मित्र आल्वारो मुतिस यांनी हे पुस्तक त्यांच्या हाती ठेवले आणि त्याच रात्री त्यांनी ते दोनदा वाचले. आपल्यालाही दुसऱ्या वाचनाची गरज पडेल, कारण पहिल्या वाचनात कोण केव्हा बोलते आहे याचा माग राहत नाही. तो चाचपडण्याचा अनुभव लेखकाला अभिप्रेतच आहे.

त्यानंतर मोठ्या कादंबरीकडे वळावे. वंशावळ शेजारी ठेवा, बऱ्याच आवृत्त्यांत ती छापलेली असते. घरातली म्हातारी उर्सुला एक खूण सांगते, तीही उपयोगी आहे : आउरेलियानो नावाचे पुरुष अंतर्मुख आणि बुद्धिमान, तर होसे आर्कादियो नावाचे धाडसी आणि दांडगे निघतात. अपवाद आहे तो फक्त जुळ्यांचा. लहानपणी ते एकमेकांची नावे घेऊन खेळत आणि बहुधा तिथेच त्यांची अदलाबदल झाली. मेल्यावर त्यांच्या शवपेट्याही चुकून एकमेकांच्या कबरीत उतरवल्या जातात. नावे पुन्हा पुन्हा येतात, कारण चुकाही तशाच पुन्हा पुन्हा होतात. तेव्हा गोंधळ झाला म्हणून वाचन थांबवू नये.

स्पॅनिशच्या बाहेर पाऊल टाकायचे असेल तर अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' (१९८७) घ्यावी. गुलामीतून पळालेल्या मार्गारेट गार्नर या स्त्रीने १८५६ मध्ये पकडले जाण्याच्या क्षणी आपल्या मुलीला ठार मारले होते. त्या सत्य घटनेचे बीज या कादंबरीत आहे. मारलेली मुलगी भूत होऊन आईच्या घरी राहते आणि त्या मुलीच्या आजीच्या मते तशी भुते देशातल्या प्रत्येक काळ्या माणसाच्या घरात आहेत. या प्रकाराची इतकी जखमी करणारी दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही.

प्रश्न : मराठीत हा प्रकार आहे का? जी. ए. कुलकर्णींच्या कथा यात बसतात का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : जी. ए. यांना या चौकटीत बसवण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो टाळावा. 'रमलखुणा' (१९७५) मधल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथा थोर आहेत, मात्र त्या रूपककथा आहेत. त्यांतली भूमी कोणत्याही नकाशावर नाही आणि काळ कोणत्याही पंचांगात नाही. त्यांचा प्रश्न माणूस आणि नियती यांचा आहे. जादुई वास्तववादाला गावाचा पत्ता लागतो, तारीख लागते, कंपनी किंवा सरकार लागते.

चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' (१९६६) या प्रकाराच्या अधिक जवळ येते, कारण तिथे कोकणातला खराखुरा गाव आहे, जातपात आहे, घराघरांतले ताण आहेत. तरीही लाभलेला साक्षात्कार खरा की भ्रम, हा संशय ती वाचकाच्या मनातून जाऊ देत नाही. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० मध्ये अशा दोलायमान अवस्थेला अद्भुत साहित्याचे लक्षण मानले. जादुई वास्तववादात असा संशय नसतो, म्हणून माझ्या वाचनाप्रमाणे 'कोंडुरा' उंबरठ्यावर उभी आहे. विलास सारंग यांच्या कथांचे नाते काफ्काशी अधिक आहे.

मराठी वाचकाशी थेट संबंध असलेली या प्रकारातली सर्वांत महत्त्वाची कादंबरी इंग्रजीत लिहिली गेली. ती म्हणजे सलमान रश्दी यांची मुंबईत घडणारी आणि १९८१ चे बुकर मिळवणारी 'मिडनाइट्स चिल्ड्रेन'. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या तासात जन्मलेल्या एक हजार एक मुलांना अलौकिक शक्ती लाभतात. पुढे आणीबाणीत त्या हिरावून घेतल्या जातात. तिच्यातले एक प्रकरण आपण अवश्य वाचावे. त्यांतलाच एक, कादंबरीचा निवेदक सलीम, लहान असताना सायकलवरून घसरत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चात जाऊन पडतो. मोर्चेकरी त्याला गुजराती बोलायला सांगतात, तेव्हा तो मुलांनी गुजरातीची टर उडवायला रचलेले एक गाणे म्हणतो. मोर्चा तेच गाणे उचलतो, दंगल पेटते आणि मुंबई राज्याच्या विभाजनाला आपणच कारणीभूत झालो असा सलीमचा दावा होऊन बसतो. १ मे १९६० मागे हुतात्म्यांचे रक्त आहे हे जाणणाऱ्या मराठी माणसाला हे प्रथम खुपते, मलाही खुपले. परंतु सारा इतिहास आपल्याच अंगावर घडला असे मानणाऱ्या एका मुलाचे ते निवेदन आहे आणि त्याच्या तारखाही ठिकठिकाणी चुकलेल्या आहेत. लालजी पेंडसे यांचा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावरचा 'महाराष्ट्राचे महामंथन' हा ग्रंथ शेजारी ठेवून ते प्रकरण वाचावे, म्हणजे रश्दींनी घडलेल्या गोष्टीतले काय ठेवले, काय वाकवले आणि काय गाळले, हे ओळीओळीला तपासता येईल.