गॅरेजवाल्याने गाडी अडवलीय, दुसऱ्या चावीने काढून आणू का?

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अशी पत्रं दर उन्हाळ्यानंतर येतात, गाडी जुनी, घाटात गरम झाली, गॅरेजला दिली आणि तिथेच अडकली. तुमची २००९ची गाडी ओंकारेश्वरहून इंदूरला परत येताना भेरू घाटात तापली, बोनेटमधून वाफ आली तरी पाणी ओतून ओतून तुम्ही ती सुदामा नगरपर्यंत आणलीत, दुसऱ्या दिवशी स्टार्टच होईना. गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे ९,००० सांगितले, मग इंजिन खोललं, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं, म्हणजे वरच्या झाकणाखालचं सील) बदललं आणि ४६,५०० चं बिल हातात दिलं. ट्रायलला गाडी सहा किलोमीटरवर परत गरम. तुम्ही पैसे देईनात, तो गाडी देईना, याला चौदा महिने झाले, आता तो वर रोजचे २०० रुपये पार्किंगही मागतोय. आणि तुमचे चिरंजीव म्हणतात रात्री दुसऱ्या चावीने काढून आणू, गाडी आपलीच तर आहे.

नाही. अजिबात नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मधे, म्हणजे आधीच्या आयपीसीच्या ३७८ मधे, चोरीच्या व्याख्येखाली घड्याळाचं उदाहरणच दिलंय. दुरुस्तीचे पैसे देणं असताना, ते वसूल होईपर्यंत कारागिराने कायदेशीरपणे ठेवून घेतलेलं घड्याळ मालकाने त्याचं तारण बुडवायला उचलून नेलं तर ती चोरी, घड्याळ स्वतःचं असलं तरी. ९,००० देणं लागतो हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. मग पोरावर केस झाली तर मी काय सांगणार कोर्टात.

आता मुद्द्याचं. सगळं प्रकरण करार कायदा १८७२ च्या कलम १७० वर उभं आहे. वस्तूवर मेहनत किंवा कौशल्याचं काम केलेल्या माणसाला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते, पण काम ज्या उद्देशाने वस्तू दिली त्या उद्देशाप्रमाणे झालेलं असलं पाहिजे. बाकी पार्किंग, गॅरेजवाल्याची भाषा, ठाण्यात 'हे सिव्हिल मॅटर आहे' म्हणून परत पाठवलं ते, हे सगळं बाजूला ठेवा. प्रश्न एकच, गाडी कशासाठी दिली होती?

त्याचं उत्तर तुम्ही पत्राच्या शेवटी, सहज म्हणून टाकलेल्या स्क्रीनशॉटमधे आहे. तुम्ही त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलंत, 'जे लागेल ते करा पण गाडी घाट चढली पाहिजे.' काका, मला खरंच राग आला हे वाचून. एस्टिमेट लेखी घेतलं नाहीत, जॉब कार्डवर सही नाही, आणि वरून हा मेसेज! 'जे लागेल ते करा' मुळे इंजिन खोलायची परवानगी त्याला मिळाली असं तो म्हणणार आणि ते म्हणणं हलकं नाही. पण त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग तुमच्या बाजूचा आहे. उद्देश गाडी घाट चढण्याचा होता, ती सपाट रस्त्यावर सहा किलोमीटर नीट गेली नाही. म्हणून काम उद्देशाप्रमाणे झालं नाही आणि अडवून ठेवायचा हक्क कच्चा, असं ठामपणे मांडता येतं. कोर्ट मानेलच असं मी लिहून देणार नाही, तुम्ही घाटानंतर गरम गाडी तशीच चालवलीत त्यामुळेच हेड वाकलं हा बचाव त्याच्याकडे आहेच.

म्हणून तो मेसेज जपा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, ज्या फोनवर तो आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र, म्हणजे हा इलेक्ट्रॉनिक पुरावा कुठून, कसा घेतला ते सांगणारा कागद, त्याला जोडावं लागेल.

पुढचं याच आठवड्यात करा. स्पीड पोस्टने नोटीस, त्यात मान्य असलेल्या ९,००० चा डिमांड ड्राफ्ट तयार आहे, बाकी रक्कम वादात आहे, १५ दिवसांत गाडी द्या. याने काय होतं तर करार कायद्याचंच कलम १६१ लागतं, परत द्यायची वेळ झाली असताना त्याच्या चुकीने गाडी मिळाली नाही तर तिथून पुढचं नुकसान त्याच्या डोक्यावर, दोन पावसाळे उघड्यावर गंजली तेही त्यात मोजायला मागता येतं. चौदा महिने तुम्ही फक्त फोन केलेत, एक ओळ लेखी नाही!

पार्किंगचं आधी ठरलं नसेल तर सहसा टिकत नाही. बिलात जुन्या सर्व्हिसचे ३,२०० घातलेत त्यासाठी गाडी अडवता येत नाही, जुन्या बाकीसाठी माल धरायचा हक्क कलम १७१ खाली बँका, आडते अशा मोजक्यांना आहे, गॅरेजला त्यासाठी वेगळा करार लागतो. इन्शुरन्सचा नाद सोडा, नेहमीच्या मोटर पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाऊन बसत नाही, आणि बिघडल्यावर दुरुस्तीआधी चालवून वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

गाडी ताब्यात आली की स्टार्ट मारून बघू नका. आधी दुसऱ्या मेकॅनिककडून कूलंटचं प्रेशर, कंप्रेशन, ऑइलमधे पाणी आलंय का ते तपासून लेटरहेडवर लिहून घ्या, हेड उघडलं तर पट्टी लावून किती वाकलंय त्याचा फोटो, जुने पार्ट मागून घ्या. दोष दुरुस्तीत होता की तुमच्या त्या ड्रायव्हिंगमधे हे फक्त त्यातूनच कळेल. गाडी फारच तातडीने हवी असेल तर पूर्ण पैसे बँकेतून द्या आणि बिलावर 'हरकत राखून' लिहा, म्हणजे पैसे दिले तरी बिल मान्य नाही असं, कॅश नको.

तक्रार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, पाच लाखांपर्यंत फी नाही. कायदा तीन ते पाच महिन्यांत निकाल म्हणतो, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, याचा मलाही संताप येतो. पण मुदत दोन वर्षं आहे आणि त्यातली चौदा महिने तुम्ही घालवलीत, म्हणजे दहा उरलेत.

मेसेजच्या मागचे-पुढचे सगळे मेसेज तारखांसकट मला पाठवा, नोटीस त्यानंतरच काढू. आणि ती दुसरी चावी आज रात्रीच मुलाकडून घेऊन कपाटात ठेवा.