‘बाग जमत नसेल तर विकून टाक’

ताई, नमस्कार.

मी मिरजेत राहतो. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. वय 38. कॉलेजपासून आमचा सात-आठ जणांचा फुटबॉलचा कंपू आहे. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तिथल्या तालमींच्या संघांच्या मॅच बघायला एका गाडीवर तिघं-तिघं जायचो. आता सगळ्यांचे संसार झाले, तरी मोठी मॅच असली की सांगलीत विश्रामबागला एकाच्या गच्चीवर पडदा लागतो. मी बार्सिलोनाचा. माझा सगळ्यात जवळचा मित्र, त्याला संजा म्हणू, तो रिअल माद्रिदचा. त्याची तासगावकडं द्राक्षबाग आहे.

1 जून 2024 ला लोकसभेच्या शेवटच्या टप्प्याचं मतदान संपलं. संध्याकाळी एक्झिट पोल आले आणि रात्री साडेबाराला चॅम्पियन्स लीगची फायनल होती, रिअल विरुद्ध डॉर्टमुंड. त्या आकड्यांवरून आमची आधीपासूनच जुंपली होती. मी एका बाजूचा, तो दुसऱ्या. हाफटाइमला 0-0 होतं. बोलता बोलता विषय कर्जमाफीवर गेला. मी म्हणालो, “आमच्या टॅक्सवर तुमची माफी होते. बाग जमत नसेल तर विकून टाक मर्दा, दर पाच वर्षांनी हात कशाला पसरतोस?” सगळे हसले. तो काही न बोलता चपला घालून निघून गेला. नंतर रिअल जिंकली म्हणून मी फोन केला, त्यानं उचलला नाही. तेव्हापासून लग्नाकार्यात समोर आला तर मान हलवतो, बास.

आता जूनमध्ये वर्ल्डकप आहे. बाकीच्यांनी ठरवलंय, गच्चीवर राजकारण पूर्ण बंद, बोलेल त्याला पाचशे रुपये दंड. मग संजाही येईल म्हणतात. बायको म्हणते, आधी माफी मागा. पण मी माझ्या मतावर आजही ठाम आहे. मत खरं असताना माफी कसली मागायची? आणि मैत्री टिकवायची तर राजकारण बोलायचंच नाही का?

– एक बार्सावाला, मिरज

नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबले: “नंतर रिअल जिंकली.” त्या रात्री पहिला गोल 74 व्या मिनिटाला झाला, कार्वाहालचा हेडर. दुसरा 83 व्या मिनिटाला व्हिनिसियसचा. रिअलनं ही स्पर्धा जिंकायची ती पंधरावी वेळ. कॉलेजपासून त्या क्लबसाठी रात्री जागवणारा माणूस यातलं काहीएक न बघता उठून गेला. पहिला गोल झाला तेव्हा तो बहुधा तासगावच्या रस्त्यावर असेल, एकटाच.

नुसता चिडलेला गडी असा जात नाही. तो आवाज चढवतो, तुमच्या पगारावर घसरतो आणि गोल झाला की तुमच्यासमोर नाचून उट्टं काढतो. संजानं यातलं काही केलं नाही. मला वाटतं त्या क्षणी त्याला रागापेक्षा लाज जास्त वाटली. जुन्या मित्रांच्या घोळक्यात, सगळे हसत असताना, त्याच्या घरची अडचण उघड्यावर आली आणि ती आणली त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसानं. म्हणून त्यानं फोन उचलला नाही. तुम्ही ज्या विजयाचं निमित्त करून फोन केलात, तो विजय तुमच्यामुळंच त्याच्या हातून निसटला होता.

तुम्ही विचारता, मत खरं असताना माफी कसली. मताची माफी मागूच नका. कर्जमाफी असावी की नसावी यावर शहाणीसुरती माणसं वर्षानुवर्षं भांडत आली आहेत. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा तर शेतकरी संघटनेचीच आहे. संजाचं मत कदाचित तुमच्यापेक्षा फार लांब नसेलही. पण “बाग विकून टाक” आणि “हात पसरतोस” हे कुठल्या धोरणावरचं मत झालं? ते संजाबद्दल आहे. तो नालायक आहे आणि लाचार आहे, एवढाच त्याचा अर्थ. माफी मागायची ती त्या दोन वाक्यांची. मत जिथं आहे तिथं राहू द्या.

तुम्ही हिशेब बघणारे आहात, म्हणून हिशेबाचंही बोलते. कर फक्त पगारातून कापला जातो असं नाही. संजा बागेवर फवारायला जी रासायनिक औषधं आणतो, त्यांवर 18 टक्के जीएसटी असतो आणि तो भरल्याशिवाय दुकानदार बाटली हातात देत नाही. द्राक्षबाग म्हणजे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, मग परतीचा पाऊस रेंगाळला की दावणीच्या, म्हणजे बुरशीच्या रोगाच्या, भीतीनं फवारणीवर फवारणी. मांडव, ठिबक, मजुरी वेगळीच. राज्याची 2019 ची कर्जमुक्ती योजना 2 लाखांपर्यंतच्या थकीत पीककर्जासाठी होती. बागायतदाराचं कर्ज पुष्कळदा त्याच्या वर जातं, आणि ज्यानं पोटाला चिमटा काढून हप्ते वेळेवर भरले तो तर थकबाकीदारच नसतो. संजाला त्या माफीतला एक रुपया तरी मिळाला का? तुमच्या पत्रात हे कुठंच नाही. तुम्ही त्याला कधी विचारलं होतं का?

आणि ज्या आकड्यांवरून संध्याकाळभर जुंपली, त्यांचं काय झालं ते बघा. बहुतेक एक्झिट पोलनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढं जागा दिल्या होत्या. 4 जूनला 293 निघाल्या. तीन दिवसांत ते आकडे रद्दी झाले, तुमचं भांडण मात्र अजून ताजं आहे. कारण ते आकड्यांवरून नव्हतंच.

1969 साली होंडुरास आणि एल साल्वादोर हे मध्य अमेरिकेतले दोन शेजारी देश युद्धात उतरले. जूनमध्ये वर्ल्डकपच्या पात्रता सामन्यांत दोन्हीकडच्या प्रेक्षकांत दंगली झाल्या आणि 14 जुलैला साल्वादोरचं सैन्य सरहद्द ओलांडून गेलं. जगानं त्याला फुटबॉलचं युद्ध म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मुळात प्रश्न जमिनीचा होता. साल्वादोरहून आलेली सुमारे तीन लाख माणसं होंडुरासमध्ये राहत होती, त्यातली कितीतरी तिथं शेती करत होती. होंडुरासच्या सरकारनं जमीन सुधारणेच्या नावाखाली त्यांच्याकडच्या जमिनी काढून घ्यायला सुरुवात केली, माणसं लेकराबाळांसह परत लोटली गेली. सामने झाले नसते तरी तो प्रश्न होताच. लढाई चार दिवसांत थांबली, पण दोन्ही देशांत शांततेचा तह व्हायला 1980 उजाडलं. तुमच्या गच्चीवरही फुटबॉल हे निमित्त, एक्झिट पोल हेही निमित्त. खालचा प्रश्न एका माणसाच्या जमिनीचा होता, आणि ती विकून टाक असं तुम्ही त्याला चेष्टेत सांगून मोकळे झालात.

हे कसं घडलं असेल याचा मी बराच विचार केला, कारण पत्रावरून तुम्ही दुष्ट माणूस वाटत नाही. मला दिसतं ते असं. तुम्ही दोघं वर्षानुवर्षं एकमेकांना फुटबॉलवरून चिडवत आलात. ऑगस्ट 2020 मध्ये बायर्ननं बार्सिलोनाला 8-2 असं धुतलं, तेव्हा संजानं तुम्हाला किती दिवस सोडलं नसेल! त्यानं तुमची झोप उडाली असेल, जेवण गोड लागलं नसेल, पण पगारातला रुपया कमी झाला नाही. त्या चिडवण्याला हद्द असते. पुढच्या मॅचला पारडं फिरतं, आणि बोलणाऱ्यालाही माहीत असतं की उद्या आपली पाळी आहे. म्हणून तिथं कितीही झोंबरं बोललं तरी चालतं. त्या रात्री तुम्ही तीच बोलायची पद्धत, तोच आवाज, तोच हशा घेऊन कर्जमाफीवर गेलात. राजकारणात हरलेल्याच्या हातून खरोखर काहीतरी जातं. कुणाचं भाव मिळेनात म्हणून जातं, कुणाचं नोकरी गेली म्हणून. तिथं समोरच्याला गप्प करून गोल केल्याचा आनंद घ्यायचा नसतो. तुम्ही घेतलात.

म्हणूनच मित्रांचा तो दंडाचा नियम मला मुळीच पटलेला नाही. फुटबॉल आणि राजकारण वेगळं ठेवा म्हणणं सोपं आहे, पण तुमच्या लाडक्या बार्सिलोनालाच ते जमलेलं नाही. 1 ऑक्टोबर 2017 ला बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्या कॅटलोनियात, स्पेनपासून वेगळं व्हायचं का यावरच्या सार्वमताच्या दिवशी पोलिसांनी मतदारांवर लाठ्या चालवल्या, आणि त्याच दिवशी आपल्या कॅम्प नोऊ मैदानावर बार्सिलोनानं लास पाल्मासविरुद्धची मॅच रिकाम्या स्टँडसमोर खेळली. आपल्याकडचं बघा. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यात आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवरच्या अत्याचार आणि खुनानंतर शहर पेटलेलं असताना ड्युरँड कपमधली मोहन बागान-ईस्ट बंगाल लढत रद्द झाली. सामना व्हायचा होता त्या दिवशी, 18 तारखेला, दोन्ही क्लबचे पाठीराखे सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले. शहरातल्या तिसऱ्या क्लबचे, मोहम्मेडनचेही आले. पोलिसांच्या लाठ्या त्यांनी मिळून खाल्ल्या. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं. त्या दिवशी त्यांना कुणी राजकारण बोलू नका म्हटलं असतं तर?

शिवाय तुमच्या गच्चीवर या नियमानं कुणाचं तोंड बंद होणार? बागेचं दुखणं ज्याचं आहे त्याचं. संजा आला, बेदाण्याला यंदा दर नाही असं नुसतं म्हणाला, की कुणीतरी पाचशे रुपये मागणार. आणि नियमाच्या आडोशाला त्या रात्रीचं बोलणंही झाकलं जाईल, म्हणजे माफी मागायची तुमची वेळही टळेल. मित्रांना सरळ सांगा, हा दंड मला मान्य नाही. मॅच चालू असताना मॅच बघू. हाफटाइमला पक्षावर, नेत्यावर, बजेटवर, कायद्यावर काय वाटेल ते बोला. समोर बसलेल्याच्या घरावर, धंद्यावर, जातीधर्मावर कुणी गेलं, तर त्याला तिथल्या तिथं अडवायचं काम बाकी सगळ्यांचं. त्या रात्री सगळे हसले होते. त्यांच्यातल्या एकानं जरी “ए, हे जास्त झालं” म्हटलं असतं, तर संजा दुसऱ्या हाफला थांबला असता असं मला वाटतं. हे त्यांनाही सांगा. ऐकताना त्यांना जड जाईल, जाऊ द्या.

आता माफीचं. फोनवर नको, मेसेजवर तर नकोच, आणि कुणा मित्राला मध्ये घालू नका. काढणीच्या गडबडीत, मजूर बागेत असताना जाऊ नका. माल शेडवर पडला की संध्याकाळी जरा उसंत मिळते, तेव्हा जा. एकटे जा. मिठाईचा बॉक्स नेऊ नका, समारंभ वाटेल. तुम्ही जे बोललात ते वाक्य त्याच्यासमोर जसंच्या तसं उच्चारा, कारण “त्या दिवशी काही चुकीचं बोललो असेन तर” अशी माफी म्हणजे पळवाट. “बाग विकून टाक म्हणालो, हात पसरतोस म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. ते मी बोलायला नको होतं.” एवढं पुरे. त्यापुढं ‘पण’ लावू नका. तोही काय काय बोलला होता ते काढू नका. तुमचं कर्जमाफीवरचं मत त्या दिवशी घरी ठेवून जा. तो विषय त्यानंच काढला, तर आधी सगळं ऐकून घ्या आणि मग पटत नाही ते नीट सांगा. तुमच्यासारख्या जुन्या मित्रांना हे जमायला हवं.

तो कदाचित चहा देईल, पावसापाण्याचं बोलेल आणि या विषयावर एक शब्द काढणार नाही. त्याला नकार समजू नका. कदाचित तो चिडेल, मनात साठलेलं सगळं ओकेल. बसून ऐका, लगेच उठू नका. आणि त्यानं दारातूनच परत पाठवलं, तर तेही त्याच्या हक्कातलं आहे. पुन्हा महिनाभर जाऊ नका, मात्र लग्नाकार्यात भेटलात की मान हलवण्यापुरते न थांबता जवळ जाऊन त्याच्या घरच्यांची विचारपूस करा.

तुमच्या बायकोचं म्हणणं बरोबर आहे, हे तिला आजच सांगा. आणि बागेवर जाल तेव्हा वर्ल्डकपचं आमंत्रण खिशात घेऊन जाऊ नका, नाहीतर त्याला वाटेल की गच्चीवर माणसं कमी पडली म्हणून हा आला. त्याला यायचं असेल तर मॅच कितीला आहे हे तो स्वतः विचारेल.

– तुमची ताई