खोदकामात लागलेलं जमिनीतलं स्वच्छ पाणी ड्रेनेजमध्ये सोडायला करार कशाला लागतो?

तुम्ही विचारलंय की बेसमेंटच्या खोदकामात पाणी लागलंय, ते जमिनीतलंच आहे, त्यात केमिकल वगैरे काही नाही, तरी महापालिका ड्रेनेजमध्ये सोडण्यासाठी करार करा म्हणतेय, तर तो टाळता येईल का, आणि नाहीच टळला तर सही करताना काय बघायचं. टाळता येणार नाही, टाळूही नका. पहिल्या भागाचं उत्तर एवढंच. दुसऱ्या भागासाठी मला जरा मागे जावं लागेल, कारण "जमिनीतलंच तर पाणी आहे" हे वाक्य मी एकदा फार जवळून ऐकलंय आणि त्याची वसुली कशी होते तेही बघितलंय.

मी तेव्हा साईट इंजिनिअर म्हणून दुसऱ्या वर्षात होते. दोन बेसमेंटची इमारत, पाण्याची पातळी वर, त्यामुळे डीवॉटरिंग, म्हणजे खड्ड्यातलं पाणी उपसणं, चोवीस तास चालू, दोन सबमर्सिबल पंप आणि एक स्टँडबाय. करार रीतसर झालेला, पण तो ऑफिसच्या कपाटात, आणि जी मुलं रात्री पंप सांभाळायची त्यांना त्यातलं एक अक्षर माहीत नाही. मी वाचला होता कारण सेटलमेंट टँकचा, म्हणजे सोडण्याआधी गाळ खाली बसवायच्या टाकीचा, साईज मला काढायचा होता. तासाला जास्तीत जास्त किती पाणी, पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) किती ते किती, गाळ किती चालेल, सॅम्पल कुठल्या चेंबरला घेणार, जोराच्या पावसात सोडणं बंद, आणि मधेच एक छोटं कलम, की पाण्याच्या स्वरूपात काही बदल झाला तर ताबडतोब कळवायचं, त्याच्याखाली फोन नंबर.

सही व्हायच्या आधी मी आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरना म्हणाले होते की सर, आपल्या चेंबरपासून पुढच्या तीन मॅनहोलपर्यंत लाईनचा सीसीटीव्ही करून घेऊ, म्हणजे पाईपमध्ये कॅमेरा सोडून शूटिंग, आत आधीच काय साचलंय ते रेकॉर्डवर राहील. ते म्हणाले, दुसऱ्याच्या गटाराचं शूटिंग आपल्या पैशाने कशाला. विषय तिथेच संपला. मी ज्युनिअर, मी गप्प बसले. तेव्हा लेखी मेल टाकायला हवी होती, टाकली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग राफ्टचा, म्हणजे इमारतीच्या तळाच्या काँक्रीट स्लॅबचा, पोअर आला. सकाळपासून ट्रान्झिट मिक्सरची रांग, प्रत्येक गाडी रिकामी झाली की तिथेच च्यूट धुणार, मग काँक्रीट पंपाची लाईन धुतली, आणि धुतलेलं सगळं पाणी उताराने गेलं खालच्या कोपऱ्यात, जिथे आमचा संप, म्हणजे पंप ज्यातून पाणी ओढायचे तो खड्डा, होता. दुपारी बाराच्या रीडिंगला पीएच होता ७.९. रात्री आठला मीटर दाखवतोय ११.८. मला वाटलं मीटर बिघडला, बफरमध्ये, म्हणजे पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणात, बुडवून परत कॅलिब्रेट केला, तरी तेच. सरांकडे गेले तर ते म्हणाले, "अगं जमिनीतलं पाणी एवढं येतंय, त्यात मिसळून पातळ होईल, चालू राहू दे."

यावर मी गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात भांडतेय, तर ते इथे एकदा लिहूनच टाकते. पीएचची मोजपट्टी साध्या पट्टीसारखी नसते, एक आकडा खाली यायचा म्हणजे दहापट. १२ वरून ९ वर नुसतं साधं पाणी घालून यायचं म्हणजे एका बादलीला हजार बादल्या. आता कोणी म्हणेल की जमिनीतल्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, त्यामुळे प्रत्यक्षात इतकं लागत नाही. बरोबर आहे, लागत नाही. पण ते बायकार्बोनेट सिमेंटच्या पाण्यातल्या चुन्याशी भेटलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे कढईत, गीझरमध्ये जो पांढरा कडक थर धरतो तोच, आणि तो थर धरतो पाईपच्या आत. म्हणजे सर ज्याला पातळ होणं म्हणत होते तीच लाईन बुजवायची रेसिपी होती. वर सिमेंटचे बारीक कण वेगळेच. ड्रेनेज लाईन उताराने वाहते, स्वतःला साफ ठेवायला तिला साधारण सेकंदाला ०.६ मीटर वेग लागतो, सपाट जागी तो मिळाला नाही की कण तळाशी बसतात आणि बसले की कडक होतात.

पंप सरळ बंद करणं शक्य नव्हतं, ओल्या राफ्टखाली पाणी चढलं असतं. शेजारी दुसऱ्या फेजचा खड्डा रिकामा होता. मी पंपवाल्या मुलांना घेऊन आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद केला आणि पाईप तिकडे वळवला, गाड्या धुण्यासाठी लांब ताडपत्री अंथरून वेगळा खड्डा करून दिला, आणि करारातल्या त्या नंबरवर फोन लावला. उचलला. ड्युटीवरच्या इंजिनिअरना वेळ सांगितली, दोन्ही रीडिंग सांगितली, म्हणजे बारा ते आठ या आठ तासांत कधीतरी खराब पाणी लाईनमध्ये गेलेलं असू शकतं हेही सांगितलं. ते म्हणाले, ९ च्या खाली येईपर्यंत सोडू नका, दोन बाटल्या सॅम्पल भरून बर्फात ठेवा, लॉगबुकमध्ये माझं नाव आणि वेळ लिहा. पहाटे ८.७ आलं. सगळं लिहिलं. सकाळी सरांना कळलं तेव्हा ते माझ्यावर ओरडले की स्वतःहून जाऊन कबुली द्यायला कोणी सांगितलं होतं तुला.

साधारण दोन महिन्यांनी पुढच्या वळणावर लाईन तुंबली, रस्त्यावर पाणी आलं. महापालिकेने जोराच्या पाण्याने लाईन साफ करणारी जेटिंगची गाडी आणली, मग कॅमेरा आत सोडला. मी गाडीच्या मागे उभी राहून स्क्रीन बघत होते. वर करडा थर, पातळ, तो आमचा, मी नाकारत नाही. पण जेटिंगने जिथे फुटला होता तिथे खाली काळपट तपकिरी जाड थर दिसत होता, त्यात विटांचे तुकडे, तेलकट गोळे. तो एका वर्षात साचलेला नव्हता, कित्येक वर्षांचा असणार. मी तिथल्या माणसांना दाखवलंसुद्धा. ते म्हणाले, मॅडम दिसतंय आम्हाला, पण आधीचं फुटेज आहे का तुमच्याकडे? नव्हतं. सगळ्या सफाईचा खर्च कंपनीच्या नावावर पडला.

आणि मीटिंगमध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले, हिने फोन केला म्हणून आपण सापडलो. नंतर मी नोकरी सोडली तरी ते हेच सांगतात असं मला दोघातिघांकडून कळलंय. हे चूक आहे, शंभर टक्के चूक. लाईन तुंबली होती, झाकण उघडणारच होते, करडा थर दिसणारच होता आणि त्या लाईनवर सिमेंटचं काम तेव्हा फक्त आमचं चालू होतं. फोन न करता आम्ही सुटलो असतो हे कुठल्या हिशोबाने? उलट महापालिकेच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की वेळेत कळवल्यामुळे लपवल्याबद्दलचा दंड लावलेला नाही आणि कनेक्शन बंद केलेलं नाही. कनेक्शनमध्ये प्लग मारला असता तर डीवॉटरिंग थांबलं असतं आणि दोन्ही बेसमेंट पाण्यात गेली असती. पैसे गेले ते आधीचा सीसीटीव्ही केला नाही म्हणून. फोनमुळे गेले नाहीत.

आता तुमचं. स्वच्छ पाण्याला करार कशाला, तर समजा तुमचा पंप सेकंदाला १० लिटर टाकतोय, तर दिवसाचे झाले ८,६४,००० लिटर. माणशी रोज १५० लिटर सांडपाणी धरलं तर एका खड्ड्यातून तुम्ही ५,७६० माणसांची वस्ती त्या लाईनला जोडली. लाईनची जागा तर तेवढी अडतेच, आणि शुद्धीकरण केंद्रात जे बॅक्टेरिया मैला खातात त्यांना हे पाणी उपाशी ठेवतं आणि टाक्यांतून लवकर ढकलून देतं. पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच लाईनमध्ये असेल तर जोराच्या पावसात तुमच्या पाण्यामुळे दुसऱ्याच्या घरात मैला उलटा चढू शकतो, म्हणून ते पावसाचं कलम असतं, ते फालतू समजू नका. पाणी खरंच स्वच्छ असेल तर आधी विचारा की पावसाळी नाल्यात सोडायची परवानगी मिळते का, ती वेगळी असते आणि बऱ्याचदा गाळाच्या बाबतीत जास्त कडक असते.

सही करताना प्रवाहाचा आकडा पंपाच्या प्लेटवरून लिहू देऊ नका, प्लेटवरची क्षमता आणि खरं वाहणारं पाणी यांत फार फरक असतो, मीटर बसवा आणि आकारणी मीटरवर मागा. सॅम्पलची जागा तुमच्या स्वतःच्या चेंबरला ठेवा, लेबर कॅम्पचे संडास जिथे मिळतात त्याच्या आधी, नाहीतर दुसरंच काहीतरी तुमच्या नावावर लागेल. सॅम्पलचे दोन भाग होतील आणि एक तुम्हाला मिळेल हे लिहून घ्या. सेटलमेंट टँक घेताना खोलीपेक्षा पसरट क्षेत्रफळ बघा, आणि चिकणमाती असेल तर ती नुसती टँकमध्ये ठेवून बसणार नाही, तुरटी किंवा पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड, तुरटीसारखंच गाळ बसवणारं रसायन) लागेल. पाईल मारताना बेंटोनाइट (पाईलचा खड्डा ढासळू नये म्हणून वापरतात ती चिकणमाती) वापरणार असाल तर ते टँकरने बाहेर न्या, ते लाईनमध्ये गेलं तर माझ्या गोष्टीपेक्षा वाईट होईल. पीएच उतरवायला कोणी ॲसिडचा कॅन ओतायला निघालं तर थांबवा, कार्बन डायऑक्साइड सोडण्याची पद्धत जास्त सुरक्षित, कारण हात सैल सुटला तरी पाणी एकदम आम्ल होत नाही. आणि कळवण्याचं कलम आणि तो नंबर पंपाच्या स्टार्टर पॅनलवर मोठ्या अक्षरात चिकटवा, रात्रीच्या मुलांना वाचून दाखवा, कपाटात नको.

हे मी बांधकामाच्या बाजूने सांगितलं. कारखान्यांचे करार बरेच वेगळे असतात, तिथे पाणी किती याच्याबरोबर ते किती घाण याचेही पैसे असतात, इंग्लंडमध्ये त्यासाठी मॉग्डेन फॉर्म्युला वापरतात, त्यात पाण्याचं प्रमाण, सीओडी (घाण किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप) आणि गाळ हे सरासरी सांडपाण्याशी ताडून बघतात. तिथे धोकाही वेगळा. १९८१ साली अमेरिकेत लुईव्हिल शहरात एका सोयाबीनच्या कारखान्यातलं हेक्सेन (तेल काढायला वापरतात तो चटकन पेटणारा द्रव) गटारात गेलं, पहाटे एका गाडीच्या ठिणगीने पेटलं आणि रस्तेच्या रस्ते वर आले. अमेरिकेच्या नियमात ६० अंश सेल्सिअसच्या खाली पेट घेणाऱ्या गोष्टींना गटारात सरळ बंदी आहे. पीएचचे आकडेही सगळीकडे सारखे नसतात, अमेरिकेत खालची मर्यादा साधारण ५.०, भारतात सार्वजनिक गटारासाठी ५.५ ते ९.०, आणि स्थानिक करार याहून कडक असू शकतो, तेव्हा माझे आकडे तुमच्या कागदावर ताडून बघा.

कुणी सिनिअर तुम्हाला म्हणाला की सीसीटीव्हीचा खर्च वाचव, तर त्याच दिवशी मेल टाका, तारखेसकट. आणि सीसीटीव्ही झाला की महापालिकेच्या माणसाला बरोबर उभं करून मॅनहोल नंबर आणि तिथपासूनचं मीटरमधलं अंतर स्क्रीनवर येतंय ना ते बघा, त्याशिवाय ते फुटेज कुठल्या लाईनचं आहे हे नंतर सिद्ध करता येत नाही. काम संपून कनेक्शन बंद करताना परत एकदा करा, तेवढ्याच अंतराचं, आणि दोन्ही फाईलींची एक कॉपी स्वतःकडे ठेवा, फक्त ठेकेदाराच्या लॅपटॉपवर नको.