शेडनेटमधल्या शोभेच्या झाडांवर मित्रबुरशी खरंच चालते का?

घोडबंदरच्या शेडनेटमध्ये जास्वंद-क्रोटनवर पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी आहे, औषधं मारूनही हटत नाही, तर मित्रबुरशी, म्हणजे किडींना मारणारी बुरशी, वापरावी का, असं तुम्ही विचारलंय. माझी नर्सरी खारघरकडे, हवा तुमच्यासारखीच. चालते, पण वेळ साधली तरच.

या दोन्ही किडी रस शोषणाऱ्या. त्यांच्यासाठी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी घ्या. बिव्हेरियाही पांढऱ्या माशीवर चालते. मेटारायझियम मात्र मातीतल्या हुमणीसाठी जास्त वापरतात. या बुरशीचे बीजाणू किडीच्या पोटात जावे लागत नाहीत. अंगावर पडले की तिथेच रुजतात आणि कातडी भेदून आत शिरतात. त्यासाठी बरेच तास चांगला दमटपणा हवा. कडक उन्हाने बीजाणू मरतात. म्हणून फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालूनही. कीड मरायला आठवडाभर लागतो. दुसऱ्या दिवशी ढेकूण जिवंत दिसले म्हणून लगेच रासायनिक औषध मारू नका.

आपल्याकडे पावसाळा यासाठी उत्तम. पण खरी गोची तिथेच आहे. पानांवर ठिपके आले म्हणून आपण त्याच महिन्यांत कार्बेन्डाझिम नाहीतर कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखं बुरशीनाशक मारतो, आणि त्याने मित्रबुरशीही मरते. पुष्कळ जण 'बायोत दम नाही' म्हणतात, त्यातल्या निम्म्यांच्या पंपात मला बुरशीनाशकच सापडेल! दोन्हींमध्ये निदान आठवडाभराचं अंतर ठेवा, पंप स्वच्छ धुवा. शेडनेटमधून पाऊस आत येतो, तेव्हा उघडीप बघूनच मारा.

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेण असतं, बुरशी आत सहज पोचत नाही. आदल्या दिवशी साबणाच्या पाण्याने तो थर उतरवा. मुंग्यांचाही बंदोबस्त करा, ढेकूण जो गोड चिकटा सोडतात त्यासाठी त्या ढेकणांची राखण करतात आणि पिल्लं दुसऱ्या कुंडीत नेऊन सोडतात.

पुडी घेताना उत्पादनाची तारीख बघा. दुकानात उन्हात पडलेली नको, आत जिवंत बीजाणू आहेत. भुकटीचं प्रमाण साधारण लिटरला 5 ग्रॅम, पण लेबलावर जे असेल तेच धरा. आठवड्याने पुन्हा मारा. तोंडाला मास्क लावा, बीजाणूंची ॲलर्जी होऊ शकते.

विक्रीला काढायच्या कुंड्यांवर मात्र भुकटी नको. तिच्यातल्या टाल्कचा पांढरा थर क्रोटनच्या गडद पानांवर उठून दिसतो आणि गिऱ्हाईक त्यालाच रोग समजतं. त्यांच्यासाठी द्रवरूपातली बाटली आणा.