कक्षेत की कक्षात? उत्तर कासोट्यात आहे

गुहागरहून एका दहावीतल्या मुलीनं विचारलंय. कासवांच्या सॅटेलाइट टॅगिंगवर, म्हणजे कासवाला उपग्रहाकडे सिग्नल पाठवणारा टॅग लावतात त्यावर, शाळेसाठी प्रोजेक्ट लिहितेय ती. तिचा प्रश्न असा की "उपग्रह पृथ्वीच्या कक्षेत फिरतो" लिहायचं की "कक्षात फिरतो"? आणि हिंदीच्या पुस्तकावर कक्षा म्हणजे इयत्ता, मग आकाशातली कक्षा कुठून आली?

कक्षेत. ती कक्षा, म्हणून कक्षेत, कक्षेतून, कक्षेबाहेर, जसं शाळेत, शाळेतून, शाळेबाहेर. तो कक्ष म्हणजे खोली, म्हणून नियंत्रण कक्षात, अतिदक्षता कक्षात. पेशंट कक्षात असतो, उपग्रह कक्षेत असतो. एवढं सोपं असून 5 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चंद्राशी पोचलं त्या संध्याकाळी आमच्या नाक्यावरच्या टपरीत टीव्हीवर एक अँकर तासभर "यान चंद्राच्या कक्षात दाखल" हेच म्हणत होता आणि खाली पट्टीवरही तेच, आणि टपरीतल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, याचा मला फार त्रास झाला, अजूनही होतो.

दुसरं, "पृथ्वीच्या कक्षेत" हेही ढिलं आहे बरं का. पृथ्वीची कक्षा म्हणजे पृथ्वी ज्या वाटेनं सूर्याभोवती वर्षभर फिरते ती, सुमारे 94 कोटी किलोमीटर लांबीची. टॅगचे सिग्नल घेणारा उपग्रह त्या वाटेवर वेगळा सोडलेला नसतो, तो पृथ्वीभोवती फिरतो. म्हणून "पृथ्वीभोवतीच्या कक्षेत" लिही. तीन अक्षरं जास्त लागतात पण अर्थ जागेवर राहतो.

आता मुद्द्याचं. कक्षा हा शब्द मुळात अंगाला बांधायच्या पट्ट्याचा आहे. संस्कृतात कक्ष म्हणजे काख, आणि कक्षा किंवा कक्ष्या म्हणजे अंगाभोवती वळसा घालून आवळलेला पट्टा. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, कक्ष्याचे अर्थ एका ओळीत दिलेत, वाड्याचं दालन, कमरपट्टा, आणि हत्तीच्या पोटाभोवती बांधायचा दोर. हत्तीच्या पोटाभोवतीचा दोर! तो डोळ्यांसमोर आणा आणि मग उपग्रहाची वाट आठवा, एका जागेहून निघून गोल अंगाभोवती फिरून परत त्याच जागी.

आमच्याकडे एक संस्कृतचे निवृत्त सर आहेत, त्यांचं म्हणणं कक्षा म्हणजे ग्रहाचं दालन, ग्रह आपापल्या खोलीत राहतात म्हणून कक्षा. मला हे साफ अमान्य आहे. सूर्यसिद्धान्त या खगोलाच्या जुन्या संस्कृत ग्रंथात चंद्राची कक्षा 3,24,000 योजनं (योजन हे अंतराचं जुनं माप) दिलीय आणि तो आकडा परिघाचा आहे. खोलीची लांबीरुंदी सांगतात, वेढा सांगत नाहीत. वेढा पट्ट्याचा मोजतात, शिंपी कंबर मोजतो तसा. आणि त्याच ग्रंथात पृथ्वीचा व्यास 1600 योजनं आहे, म्हणजे हिशोब केला तर चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण 64 पट लांब येतो, आजचं उत्तर 60 पट. ज्यांनी पट्टा इतका बरोबर मोजला त्यांच्या मनात दालन होतं असं कसं म्हणायचं?

आणि हा पट्टा मराठीत आजही रोजच्या वापरात आहे, फक्त आपण त्याला ओळखत नाही. कक्षाचं प्राकृतात झालं कच्छा आणि कच्छाचं मराठीत झालं कास. कास म्हणजे धोतराचं, लुगड्याचं मागे खोचलेलं टोक, त्यावरूनच कासोटा. माझी आजी लावणीला चिखलात उतरायच्या आधी बांधावर उभी राहून लुगडं गुडघ्यापर्यंत वर घ्यायची, कापड पायांमधून मागे न्यायची आणि कास पाठीमागे अशी घट्ट खोचायची की दिवसभर वाकून काम करून संध्याकाळी घरी आली तरी ती तसूभर हललेली नसायची. तिला कक्षा शब्द माहीत नव्हता, पण तोच शब्द ती रोज खोचत होती.

सरांचं यावरही म्हणणं की कास कसण्यावरून आली, घट्ट कसतात म्हणून कास. ऐकायला बरं वाटतं, पण क्ष चं काय होतं ते बघा ना. हिंदीत क्ष चा ख होतो, मराठीत स किंवा श. त्यांची ईख, आपला ऊस. त्यांची मक्खी, आपली माशी. त्यांचा खेत, आपलं शेत. त्यांची कोख, आपली कूस. मधे च्छ ची पायरी असते, मत्स्यातल्या त्स्य चाही तसाच च्छ होतो, हिंदी तिथे थांबली तर मछली होते, मराठी पुढे गेली की मासा. त्याच हिशोबानं त्यांचा कच्छा आणि आपली कास. एकाच रांगेत इतके शब्द उभे असताना कास तेवढी वेगळ्या घरची कशी? काख मात्र ख घेऊन आली, म्हणजे एका कुळातले दोन शब्द दोन वाटांनी मराठीत राहिले, एक बगलेत आणि एक कमरेला.

आणि ज्या कासवावर तुझा प्रोजेक्ट आहे ते कासवसुद्धा याच नियमानं आलंय. कच्छप, त्याचं कासव. कास आणि कासव यांचं मूळ एक आहे असं मी म्हणत नाही, पण च्छ चा स कसा होतो त्याचा साक्षीदार कोकणातल्या वेळासच्या वाळूत दरवर्षी येऊन अंडी घालतो.

यावरून मला फार दिवस वाटतंय की "कास धरणे" हा आपला वाक्प्रचार उपग्रहाला अगदी बरोबर बसतो. कुणाची कास धरणं म्हणजे त्याला न सोडता त्याच्या आधारानं राहणं. उपग्रह तेच करतो. तो सारखा पृथ्वीकडे पडतच असतो, पण सेकंदाला जवळजवळ साडेसात किलोमीटर या वेगानं पुढेही जात असतो, म्हणून पडण्याचा वळसा होतो आणि जमीन काही लागत नाही. आदळतही नाही, सुटूनही जात नाही. पृथ्वीनं सूर्याची कास धरलीय, चंद्रानं पृथ्वीची. शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवताना हा वाक्प्रचार सांगितला तर मुलांना कक्षा पाठ करावी लागणार नाही.

तर प्रोजेक्टमधे असं लिही. जानेवारी 2022 मधे वेळासला प्रथमा आणि आंजर्ल्याला सावनी या माद्यांना टॅग लावले, पुढच्या वर्षी तुमच्याच गुहागरला बागेश्री आणि गुहा. मादी श्वास घ्यायला वर आली आणि टॅगची अँटेना पाण्याबाहेर निघाली की सिग्नल जातो, तो साधारण 850 किलोमीटर उंचीवरून, पृथ्वीभोवतीच्या कक्षेत, ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह पकडतात. असा उपग्रह शंभरेक मिनिटांत एक फेरी मारतो, दिवसाला चौदा.

हिंदीतल्या वर्गाच्या कक्षेचं राहिलंच. ती अमरकोशातल्या दालनावरून गेली, त्यांची त्यांना बरोबर आहे. पण तू "कक्षा दहावी" लिहू नकोस, मराठीत हल्ली पत्रकांवर ते दिसायला लागलंय. आपल्याकडे इयत्ता आहे, इयत् म्हणजे एवढं, म्हणून इयत्ता म्हणजे एवढेपणा, किती शिकून झालं त्याचं माप. त्या शब्दावर एकदा सवडीनं लिहायचंय मला.