व्हिडिओ खरा आहे हे सिद्ध करायचंय? आधी डीव्हीआर गाठा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कार्यालयाच्या आवारातल्या मारहाणीचा सीसीटीव्ही व्हिडिओ तुम्हाला व्हॉट्सॲपवर आला. तुम्ही तो चौकशी समितीपुढे ठेवला. समोरच्यांनी ‘हा एआयने बनवलाय’ म्हणून हात झटकले, आणि एका ऑनलाइन टूलनेही त्याला ‘७८ टक्के बनावट’ ठरवलं. आता तो खरा असल्याचं सिद्ध कसं करायचं, हे तुम्हाला हवंय.

त्या ७८ टक्क्यांकडे नंतर येतो. आधी तातडीचं काम सांगतो. डीव्हीआर म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रीकरण साठवणारं यंत्र. त्याची हार्डडिस्क भरली की जुन्या चित्रीकरणावर नवं आपोआप चढतं. डिस्क केवढी आहे आणि कॅमेरे किती आहेत यावर त्याला काही दिवस लागतात किंवा काही आठवडे, पण जुनं पुसलं जातंच. म्हणून यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याला आजच्या आज लेखी कळवा, की अमुक तारखेचं, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचं चित्रीकरण जपून ठेवा. घटनेच्या आधीची आणि नंतरची भरपूर वेळ त्यात धरा. चाळीस सेकंदांचा तुकडा भांडणाला निमंत्रण देतो, सलग दोन तासांच्या चित्रीकरणावर शंका घेणं फार अवघड जातं.

चित्रीकरण काढताना ते यंत्राच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये घ्या आणि त्या कंपनीचा प्लेअरही सोबत घ्या. बहुतेक डीव्हीआर ‘एमपी४ किंवा एव्हीआय करून देऊ का’ असं विचारतात. त्या रूपांतरात पुष्कळदा चित्र पुन्हा दाबलं जातं (कॉम्प्रेस होतं), फ्रेमचा वेग बदलतो, कधी कधी वेळेची नोंदही गळते. समितीला दाखवायला एमपी४ची प्रत जरूर करा, पण मूळ फाईल हातची सोडू नका. मॉनिटरसमोर मोबाईल धरून केलेलं चित्रीकरण तर शेवटचा पर्याय. त्यात पडद्याच्या रेघा येतात, फ्रेम गळतात, आणि तपासण्याजोगं जे काही असतं ते जवळपास सगळं जातं.

घड्याळ ही गोष्ट लोक हमखास विसरतात. डीव्हीआरची घड्याळं पुढे-मागे पळतात. समजा यंत्राच्या पडद्यावर १८:४२:१० दिसतंय आणि त्याच क्षणी नेटवर्कवरून वेळ घेणाऱ्या फोनवर १८:३५:५५ आहे. म्हणजे यंत्र ६ मिनिटं १५ सेकंद पुढे आहे. दोन्ही पडदे एकाच फोटोत येतील असा फोटो काढा आणि फरक लिहून ठेवा. यंत्राचं घड्याळ ‘दुरुस्त’ मात्र करू नका. हा फरक नोंदवलेला नसेल, तर पुढे कुणीतरी हजेरीच्या नोंदी काढून ‘त्या वेळी आमचा माणूस तिथे नव्हताच’ म्हणेल, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

फाईल हातात आली की लगेच तिचा हॅश काढा. हॅश म्हणजे फाईलच्या प्रत्येक बिटवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची संख्या. एक बिट बदलला तरी ती पार बदलते. त्यासाठी एसएचए-२५६ ही पद्धत वापरा, एमडी५ आणि एसएचए-१ या जुन्या पद्धती नकोत. एकच एमडी५ हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात हे २००४मध्ये दाखवलं गेलं, आणि २०१७मध्ये एसएचए-१ची तीच गत झाली. फाईल कुणी काढली, कधी, कोणत्या पेनड्राइव्हवर, तो कुणाच्या ताब्यात गेला, हे हॅशसोबत एका कागदावर लिहून सह्या घ्या. आता हॅश काय सांगत नाही तेही लक्षात घ्या. तो लाखेच्या सीलसारखा आहे: सील लावल्यानंतर पाकीट उघडलं नाही एवढंच त्यावरून कळतं, आत ठेवलेलं पत्र खरं होतं की नाही हे कळत नाही. हॅश जुळतोय म्हणजे व्हिडिओ अस्सल, असं लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत. उलटतपासणीत ते पहिल्याच प्रश्नाला कोसळतात.

आता तुमच्याकडच्या व्हॉट्सॲपच्या प्रतीबद्दल. व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना सहसा तो पुन्हा दाबतं, फाईलचं नाव बदलतं आणि बरीचशी अंतर्गत माहिती, म्हणजे मेटाडेटा, काढून टाकतं. त्यामुळे त्या प्रतीत मेटाडेटा नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. तशी प्रत तशीच दिसायला हवी. पण ती निरुपयोगीही नाही. डीव्हीआरमधली मूळ फाईल मिळाली, तर तुमची प्रत तिच्यावरूनच निघाली आहे हे फ्रेमला फ्रेम लावून दाखवता येतं, आणि मग वाद उरला तर मूळ फाईलपुरता उरतो.

फाईल तपासताना माझा भर चित्रापेक्षा आधी तिच्या बांधणीवर असतो. एमपी४ फाईल म्हणजे एकामागोमाग एक ठेवलेल्या खोक्यांची रांग. एका खोक्यात फाईलचा प्रकार, एकात प्रत्यक्ष चित्र-आवाज, एकात कोणती फ्रेम कुठे आहे याची सूची. कोणतं यंत्र ही खोकी कोणत्या क्रमाने मांडतं, त्यांत काय काय लिहितं, हे त्याच्या मॉडेलनुसार आणि फर्मवेअरनुसार (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरनुसार) ठरलेलं असतं. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून फाईल बाहेर पडली की ही मांडणी त्या सॉफ्टवेअरची होते. एफएफएमपेग या मोफत साधनातून गेलेल्या फाईलमध्ये तर पुष्कळदा ‘लॅव्हएफ’ असं नाव आणि पुढे आवृत्तीचा आकडा सापडतो. म्हणून खरी कसोटी तुलनेची: त्याच यंत्रावर, त्याच सेटिंगमध्ये नवं चित्रीकरण करायचं, त्याच मार्गाने बाहेर काढायचं आणि दोन्ही फाइलींची बांधणी शेजारी ठेवून पाहायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळ्यात भरवशाचं.

यातही घाईने निष्कर्ष काढू नका. ‘लॅव्हएफ’ दिसलं म्हणजे फाईल पुन्हा प्रक्रियेतून गेली इतकंच. असंख्य ॲप आणि संकेतस्थळं आतून तेच साधन वापरतात. तारखांचंही तसंच. एमपी४च्या आत वेळ १ जानेवारी १९०४पासूनच्या सेकंदांत मोजलेली असते, आणि मानकाप्रमाणे ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असायला हवी. काही यंत्रं तिथे स्थानिक वेळ लिहितात, काही ती जागा शून्य ठेवतात. मग एखादा प्लेअर १९०४ सालची तारीख दाखवतो किंवा काही तासांचा फरक दिसतो, आणि लोक त्यालाच छेडछाडीचा पुरावा म्हणून नाचवतात. उलट बाजूनेही तेच. मेटाडेटा एक्झिफटूलसारख्या साधनाने कुणालाही हवा तसा लिहिता येतो, त्यामुळे तो व्यवस्थित दिसतो एवढ्यावर विसंबू नका.

मधून काही कापलंय का, हे पाहायला फ्रेमची रचना उपयोगी पडते. व्हिडिओत काही फ्रेम पूर्ण साठवलेल्या असतात, आणि त्यांच्या दरम्यानच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच असतं. मधला भाग कापून व्हिडिओ पुन्हा दाबला, तर जुनी आणि नवी रचना एकमेकांवर नीट बसत नाही, आणि बदलाच्या नोंदींत ठरावीक अंतराने चढ दिसू लागतात. वेइहोंग वांग आणि हॅनी फरीद या संशोधकांनी २००६मध्ये हे दाखवून दिलं. पण सीसीटीव्हीत एक अडचण असते. अनेक यंत्रं हालचाल झाली तरच चित्रीकरण करतात, त्यामुळे माणूस एका जागेवरून दुसरीकडे ‘उडी मारल्यासारखा’ दिसणं तिथे स्वाभाविक आहे. यंत्राच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवायला सांगतात तो यासाठीच.

सुट्ट्या फोटोंसाठी लोक एरर लेव्हल ॲनालिसिसच्या मागे लागतात. नील क्रॉवेट्झ यांनी २००७मध्ये ते लोकांपुढे आणलं आणि आज ते एका क्लिकवर मिळतं. फोटो ठरावीक दर्जाला पुन्हा दाबायचा आणि कुठे किती फरक पडतो ते पाहायचं. अडचण अशी, की ठळक कडा, अक्षरं, भडक रंग हे निर्भेळ फोटोतही चमकतात. कुठली चमक संशयास्पद हे पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरतं, आणि दोन माणसं दोन निष्कर्ष काढतात. एवढ्या एकाच आधारावर मी कधीच मत देणार नाही.

त्यापेक्षा सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाचा, ठसा बळकट. प्रत्येक सेन्सरचे पिक्सेल प्रकाशाला किंचित कमी-जास्त प्रतिसाद देतात आणि त्याची एक पुसट नक्षी त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रात उतरते. लुकाश, फ्रिड्रिच आणि गोल्यान या संशोधकांनी २००६मध्ये यावरून कॅमेरा ओळखण्याची पद्धत मांडली. त्यासाठी मूळ यंत्र हाताशी असेल तर उत्तम. मात्र हादरे काढून स्थिर केलेला व्हिडिओ, जोरात दाबलेली प्रत, आणि आजचे फोन अनेक चित्रं मिसळून एक फोटो करतात ते, या सगळ्यांत हा ठसा क्षीण होतो. चित्र फारच दाबलेलं असेल तेव्हा मी सावल्यांकडे वळतो. सावलीतल्या एखाद्या बिंदूपासून ती पाडणाऱ्या वस्तूवरच्या त्याच बिंदूपर्यंत रेषा काढायची. प्रकाशाचा स्रोत एकच असेल तर अशा सगळ्या रेषा वाढवल्यावर एकाच ठिकाणी मिळायला हव्यात. एखाद्या माणसाची रेषा भलतीकडे गेली, तर तो चित्रात बाहेरून आला असण्याची शक्यता गंभीरपणे तपासावी लागते. डोळ्यांना सावल्यांतली चूक सहज जाणवत नाही, म्हणून ‘बघताच कळतं’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

आता ते ७८ टक्के. फेसबुकने २०१९-२०मध्ये डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले बनावट व्हिडिओ, ओळखण्याची मोठी स्पर्धा घेतली. विजेत्या मॉडेलची अचूकता आधी न पाहिलेल्या व्हिडिओंवर ६५.१८ टक्के भरली. तेव्हापासून शोधणारी साधनं सुधारली, तशीच बनवणारीही सुधारली. २०१८मध्ये पापण्यांच्या उघडझापीवरून डीपफेक ओळखण्याची पद्धत आली आणि थोड्याच काळात बनावट चेहरेही नीट पापण्या मिटू लागले. शिवाय ही साधनं ज्या नमुन्यांवर शिकलेली असतात त्यांत तुमच्यासारखा अंधूक, दोनदा दाबलेला सीसीटीव्ही व्हिडिओ असतोच असं नाही. टूलने तो आकडा कशावरून काढला, तशा व्हिडिओंवर ते किती वेळा चुकतं, हे सांगणारा माणूस समितीपुढे उभा राहणार नसेल, तर त्या आकड्याला वजन नाही. हेच टूल उद्या ‘९० टक्के खरा’ म्हणालं, तरी माझं मत हेच राहील.

‘एआयने बनवलंय’ हा आरोप आता कुणालाही फुकटात करता येतो, आणि खऱ्या पीडितांना त्याचा त्रास होताना पाहून मला मनापासून चीड येते. म्हणून समितीला लेखी विनंती करा, की आरोप करणाऱ्यांनी कोणत्या वेळेची कोणती फ्रेम, त्यात काय बदललंय, हे नेमकं सांगावं. चारही कोपऱ्यांतले कॅमेरे, दाराची नोंदवही, हजर असलेली माणसं, हे सगळं एकाच वेळी एआयने बनत नाही. दुसऱ्या कॅमेऱ्यात त्याच क्षणाची झलक जरी सापडली, तरी ती पिक्सेलच्या दहा चाचण्यांपेक्षा मोलाची.

व्हिडिओ स्पष्ट करायच्या मोहात मात्र पडू नका. एआयवर चालणारी साधनं नसलेला तपशील अंदाजाने भरतात. २०२४मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात किंग काउंटीच्या न्यायालयाने एका खून खटल्यात असा एआयने ‘सुधारलेला’ व्हिडिओ पुरावा म्हणून नाकारला. उजेड थोडा वाढवायचाच असेल तर वेगळ्या प्रतीवर वाढवा, काय केलं ते पायरीपायरीने लिहा आणि मूळ प्रत शेजारी ठेवा.

तज्ज्ञाकडे जाल तेव्हा ‘खरा की खोटा’ असं विचारू नका. ही फाईल या डीव्हीआरमधून बाहेर काढलेल्या फाइलींशी जुळते का, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत चित्रीकरण सलग आहे का, व्हॉट्सॲपची प्रत हिच्यावरूनच निघाली का, असे प्रश्न लिहून द्या. प्रामाणिक तज्ज्ञ ‘अस्सल आहे’ असं छातीठोकपणे लिहिणार नाही. ‘केलेल्या तपासण्यांत छेडछाडीच्या खुणा आढळल्या नाहीत, आणि फाईलची बांधणी या यंत्राशी सुसंगत आहे’ असं लिहील. हे वाक्य वाचून नाराज होऊ नका, कारण उलटतपासणीत टिकतं ते हेच. तोवर व्हिडिओ ज्या फोनवर आला तो फोन रीसेट करू नका, ते संभाषण पुसू नका, आणि ज्याने पाठवला त्यालाही तेवढंच करायला सांगा.