'कंट्री'ला देश म्हणावं का?

प्रश्न असा: मेलबर्नमधल्या मराठी कार्यक्रमाच्या सुरुवातीला तिथल्या मूळ रहिवाशांविषयी आदर व्यक्त करणारं निवेदन मराठीतून करायचं आहे. त्यातल्या 'कंट्री'ला 'देश' आणि 'ट्रॅडिशनल ओनर्स'ना 'पारंपरिक मालक' म्हटलं तर चालेल का?

'देश' नको. कोकणातला माणूस 'देशावर' जातो तेव्हा तो शब्द प्रदेशापुरता असतो हे खरं, पण सभागृहात ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अख्खा ऑस्ट्रेलियाच येणार. मूळ रहिवाशांची कंट्री समूहागणिक वेगळी: मेलबर्नकडे वुरुंजेरींची, मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाभोवती अनंगूंची. जमीन, पाणी, जनावरं, पूर्वज, त्यांनी घालून दिलेले नियम, सगळं तिच्यात येतं. लोक तिच्याशी बोलतात, ती आजारी पडली असंही म्हणतात. मराठीत हे सगळं पेलणारा शब्द 'भूमी'. 'मुलूख' भारदस्त आहे, पण त्याच्या पाठोपाठ मुलूखगिरी येते. ज्यांचा प्रदेश बळकावला गेला त्यांच्यासाठी तो वापरवत नाही. 'काळी आई' जिव्हाळ्याची, पण ती कसलेली जमीन. नदी तिच्यात कुठे बसवणार?

आणि नदी तर हवीच. मेलबर्नच्या यारा नदीचं वुरुंजेरींच्या भाषेतलं नाव बिरारंग. २०१७ साली व्हिक्टोरिया राज्याने तिच्या रक्षणासाठी कायदा केला. त्याच्या नावातच 'विलिप-गिन बिरारंग मुरॉन', म्हणजे 'बिरारंग जिवंत ठेवा', हे त्यांच्या भाषेतले शब्द आहेत.

आता 'मालक'. माणूस भूमीचा असतो, भूमी माणसाची नसते, म्हणून 'राखणदार' म्हणा, असं पुष्कळजण सुचवतात. मला ते मान्य नाही. एक तर कोकणातल्या श्रोत्याला राखणदार म्हटलं की गावाच्या वेशीवरचा देवचार आठवतो. दुसरं कारण फार मोठं आहे. इंग्रज आले तेव्हा ही जमीन कुणाचीच नव्हती, असं तिथला कायदा १९९२पर्यंत धरून चालला होता. टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचे एडी माबो त्याविरुद्ध दहा वर्षं कोर्टात लढले. ३ जून १९९२ रोजी निकाल बाजूने लागला, पण माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. उलुरूची मालकी अनंगूंना २६ ऑक्टोबर १९८५ रोजी परत मिळाली, तीही राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने लगेच सरकारला देण्याच्या अटीवर. 'वर चढू नका' असं ते सांगत राहिले. चढाई बंद झाली २०१९ साली. इतक्या कष्टाने मिळालेला 'मालक' हा शब्द आपण काढून घेऊ नये.

'पारंपरिक' मात्र गाळावं, त्याने पोशाख-दागिने आठवतात. 'मूळ' म्हणा. आणि 'होते' नव्हे, 'आहेत':

'आपण वुरुंजेरी लोकांच्या भूमीवर जमलो आहोत. ते या भूमीचे मूळ मालक आहेत. त्यांच्या पूर्वजांना आणि आजच्या वडीलधाऱ्यांना आमचा नमस्कार.'

सभागृह शहराच्या दक्षिणेकडे असेल, तर ती भूमी बुनुरोंग लोकांची असू शकते. नाव आधी नक्की विचारून घ्या.